पुरवणी

स्कारनेसच्या चर्चमागे एकतीस अलेक मेर पुरलेत.
मी मोजलेत. त्यातले अकरा दगड माझ्या हातचे.
चालतेफिरते आणखी सहा आहेत,
आणि पोस्टमन पाकिटावरचं आडनाव वाचतच नाही,
त्यापुढचं वाचतो:
डांबर. शिंपला. धाकटा शिंपला. रविवार.

गुरुवारी इसोबेल आली, बूट ओले,
कागदावर नाव, दोन तारखा,
खाली पेन्सिलीने, एकदा पुसून परत लिहिलेलं,
कोको.

"नऊ वर्षांचा होता," ती म्हणाली,
"बापाच्या बोटीवर पहिल्यांदाच गेलेला,
उकळत्या कोकोची किटली लवंडली ती थेट इंजिनात.
दीड दिवस नुसते तरंगत राहिले सगळे.
मग काय, त्रेसष्ट वर्षं तेच.
मी कधी तसं हाकारलं नाही. घरात तो अलेक.
पण नुसतं अलेक मेर कोरलंस
तर लोक फुलं भलत्याच्याच उशाशी ठेवतील."

अक्षराला नऊ पौंड, मी सांगितलं.
तिचे ओठ हलत राहिले जरा वेळ.
"शेवटचा ए वगळ. कोण उच्चारतंय तो?"

दुकानात मी शब्दकोश ठेवते,
दगडावर खोडरबर चालत नाही म्हणून.
ती गेल्यावर उघडला.
टोपणनावाला आम्ही निकनेम म्हणतो,
आणि निक म्हणजे खाच, छिन्नीने पाडतात ती;
इतकी वर्षं मला वाटे, माझ्याच धंद्यातला शब्द.
कुठलं काय.
जुना शब्द होता ईक: भर, वाढ, पुरवणी.
ॲन ईकनेम म्हणत लोक. एक पुरवणीचं नाव.
घाईत म्हणत, वाऱ्यात म्हणत, तोंडात पाव असताना म्हणत,
आणि ॲनमधला न सैल झाला,
शेजारच्या घरात मांजर जाऊन बसतं
तसा पुढच्या शब्दाच्या उंबऱ्यात जाऊन बसला.
कुणी हाकललं नाही.

आणि हा माझा एप्रन, धुळीने पांढरा,
हा पूर्वी नॅप्रन होता म्हणे.
त्याचा न मागच्या मागे पळाला.
फिट्टंफाट म्हणायची,
फक्त देणारा एक आणि घेणारा भलताच.

ईक पुरता मेला नाही अजून.
थोडकं असेल ते पुरवून पुरवून वापरायचं
त्याला अजून तोच शब्द आहे इकडे.
इसोबेल कोळसा वापरते तसा, मार्चपर्यंत,
एकेक ढेकूळ, चिमटा जपून उघडत.

मी कोको कोरला.
ए वगळला.
त्याच्यापुरती जागा मात्र सोडली,
का ते विचारू नका.

सोमवारी ती चेक फाडून देत होती तेव्हा
उरलेल्या अर्ध्या कागदावर तिने काय लिहिलं ते दिसलं.
रॅफन नव्हतं. जेसीही नव्हतं.
कॉमा.
"हे काय?" मी म्हटलं.
तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.
"विली फ्लेटचा दगड आठवतो? तू नवी होतीस.
प्रेमळ पिता, आणि पुढे एक कॉमा मारलास,
त्यापुढे काहीच नाही.
तेव्हापासून सगळेच म्हणतात. मला वाटलं, ठाऊक असेल."

सव्वीस वर्षं.
मी समजत होते, ह्या गावात रॅफन मी एकटीच,
मला कुणाशी कुणी घोटाळणार नाही,
मला पुरवणी लागत नाही.

घरी जाताना चर्चमागून गेले.
विलीचा दगड उत्तरेच्या भिंतीला आहे,
तिथे ऊन कमी.
कॉमा शाबूत आहे, शेवाळाने हिरवा,
आणि त्यापुढचा दगड कोरा,
हात फिरवला तर गार.